एक्केचाळीस नंबरचं पाकीट

टाचणीचं खरं नाव हजेरीपटावर होतं, पण ते हजेरी घेणाऱ्या कारकुनाखेरीज कुणाला आठवत नसे. उंच, अंगावर मांस म्हणून नाही, आणि नको तो प्रश्न नेमका नको त्या वेळी विचारणार. पहिल्याच वर्षी सीनियरांनी तिची टाचणी करून टाकली. आता ती सर्जरीच्या निवासी डॉक्टरकीच्या तिसऱ्या वर्षाला होती, आणि सिस्टरांपासून लिफ्टवाल्यापर्यंत सगळे तिला टाचणीच म्हणत, फक्त पाठीमागे.

दर शनिवारी दुपारी दोन ते चार संशोधनाचा वर्ग असे. तीस-तीस तास उभं राहून आलेल्या माणसांना गार खोलीत, मऊ खुर्चीत बसवून पडद्यावर आकडे दाखवायचे, ही कल्पना ज्याच्या डोक्यातून निघाली त्याला माणसांची पारख नसावी. दहा मिनिटांत अर्धा वर्ग माना टाकी. शिकवायला येत ते संख्याशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक. पोरं त्यांना गणितकाका म्हणत. त्यांना कशाचंच वाईट वाटत नसे. ते हळू आवाजात शिकवत, जणू झोपलेल्यांची झोप मोडू नये ही त्यांचीच जबाबदारी होती. पूर्ण दोन तास जागी असे ती एकटी टाचणी.

तिला तो वर्ग आवडायचा. वॉर्डात सगळं 'मोठे सर म्हणाले' या एका आधारावर चालायचं. मोठे सर म्हणजे विभागप्रमुख. ते म्हणाले टाके आठव्या दिवशी काढा, की आठव्या दिवशी. शनिवारच्या वर्गात मात्र कुणालाही, अगदी मोठ्या सरांनाही, 'कशावरून?' असं विचारायची मुभा होती. टाचणीला हा प्रश्न लहानपणापासून प्रिय. त्यापायी तिनं आईच्या हातचा मारही खाल्ला होता.

तिसऱ्या वर्षाअखेर प्रत्येकाला प्रबंध द्यावा लागे. प्रबंध नाही तर परीक्षा नाही, परीक्षा नाही तर सर्जन नाही, इतकं साधं. बरेचजण तो शेवटच्या महिन्यात कसाबसा उरकत. निम्म्या पेशंटांपुढे 'संपर्क तुटला' असं लिहीत, उरलेल्या निम्म्यांवर निष्कर्ष काढत आणि मोकळे होत. टाचणीनं ठरवलं होतं, आपल्या तक्त्यात 'संपर्क तुटला' हे शब्द एकदाही येता कामा नयेत.

तिचा विषय मोठ्या सरांनी दिलेला. आतड्याचा खराब तुकडा काढून दोन टोकं जोडली, की पेशंटला सात दिवस ठेवायचं, ही विभागाची जुनी रीत. सर एका परिषदेहून तिसऱ्या दिवशी घरी सोडायचं डोक्यात घेऊन आले. खाटा कमी, पेशंट उदंड, त्यामुळे ते चुकीचंही म्हणता येत नव्हतं. साठ पेशंट घ्यायचे. तीस जणांना तिसऱ्या दिवशी सोडायचं, तीस जणांना सातव्या. कुणाला कधी, हे डॉक्टरनं ठरवायचं नाही, बंद पाकिटानं ठरवायचं. टाचणीनं हॉस्टेलच्या पलंगावर बसून साठ तपकिरी पाकिटं तयार केली होती, आत तीनचा नाहीतर साताचा आकडा, वर क्रमांक. घरी गेलेल्यांना सातव्या, पंधराव्या, तिसाव्या, साठाव्या आणि नव्वदाव्या दिवशी फोन करायचा. दुखतंय का, ताप आहे का, जेवता का, चालता का, जखम कशी आहे, असे सात प्रश्न. फॉर्म तिनं स्वतः केला होता. घरी द्यायचं पत्रकही तिनंच लिहिलं होतं, सोप्या भाषेत, मोठ्या अक्षरांत. सरांनी त्यातला एक शब्दसुद्धा बदलला नव्हता, आणि सरांच्या बाबतीत हे कौतुक समजायचं.

एक्केचाळीस नंबरचं पाकीट एका काचवाल्याच्या मुलाच्या वाट्याला आलं. काचवाला म्हणजे घरादारांच्या खिडक्यांना काचा बसवणारा. बापलेक मिळून धंदा करायचे. मुलगा सव्वीस वर्षांचा, काटक, आतड्याला पीळ पडून आलेला. ऑपरेशन टाचणीनं सरांच्या हाताखाली स्वतः केलं होतं, आणि जोड असा सुरेख बसला होता की सर नुसतं 'हं' म्हणाले होते. पाकीट उघडलं, आत तीन.

"इतक्या लवकर सोडता?" तिसऱ्या दिवशी बापानं विचारलं होतं.

"घरी माणूस लवकर बरा होतो, काका," टाचणी म्हणाली होती. "आणि काय करायचं, काय नाही, सगळं या कागदावर आहे."

काचवाल्यानं पत्रक दोन्ही हातांनी घेतलं, तिथंच उभं राहून पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं आणि चौघडी करून खिशात ठेवलं. इतक्या मन लावून ते पत्रक वाचलेला माणूस तिनं दुसरा पाहिला नाही.

सातव्या दिवशी तिनं फोन केला. बापानं उचलला.

"कसा आहे पेशंट?"

तिकडे मागे बऱ्याच माणसांचा आवाज होता. "बरा आहे."

"दुखतंय का?"

"नाही."

"जेवतो का?"

"हो. थोडं थोडं."

पंधराव्या दिवशी तो कोपऱ्यापर्यंत चालून येत होता. तिसाव्या दिवशी दोन्ही वेळा पोटभर जेवत होता. साठाव्या दिवशी बापानं आपण होऊन सांगितलं, हल्ली लवकर झोपतो, पूर्वीसारखा जागत बसत नाही. टाचणी खुणा करत गेली. बाकीच्यांना फोन करायचा म्हणजे वैताग होता. कुणी कापायचे, कुणी तक्रारींचा पाढा वाचायचे. काचवाला मात्र शांतपणे सगळं सांगायचा आणि शेवटी म्हणायचा, "पुन्हा कराल ना फोन?" अख्ख्या तक्त्यात एक्केचाळिसावी ओळ सगळ्यात स्वच्छ होती. मुलाला फोन द्या, असं तिला एकदाही सुचलं नाही. फॉर्मवर 'पेशंट किंवा नातेवाईक' असं तिनंच छापलं होतं.

नव्वद दिवसांनी व्रणाची लांबी मोजून फोटो घ्यायचा होता. एकोणसाठ जण येऊन गेले. एक्केचाळीस आला नाही. बाप म्हणाला, कामावर गेलाय. मग म्हणाला, बाहेरगावी गेलाय. प्रबंधाची तारीख जवळ आलेली. साठपैकी साठ, असा प्रबंध विभागात कुणी दिला नव्हता, आणि एका काचवाल्यापायी तो मान हातचा जाऊ द्यायला ती तयार नव्हती. एका रविवारी सकाळी टेप आणि कॅमेरा पिशवीत टाकून ती पत्ता शोधत निघाली.

दुकान पुढे, घर मागे. काचवाला टेबलाशी वाकून हिऱ्याच्या लेखणीनं काच कापत होता. वीतभर रुंदीची काच होती, कुठल्यातरी न्हाणीघराच्या झरोक्याची असावी. टेबलावर तसेच आणखी चार-पाच छोटे तुकडे. मागे भिंतीला पुरुषभर उंचीच्या तीन मोठ्या काचा टेकवून ठेवलेल्या, त्यांच्यावर धूळ. तिला पाहून तो सरळ उभा राहिला, आणि त्याचा चेहरा एकदम उतरला.

"बसा, डॉक्टरबाई," तो म्हणाला. "मला वाटलंच होतं, एक दिवस तुम्ही याल."

"मुलगा कुठंय, काका? फक्त दोन मिनिटांचं काम आहे."

त्यानं लेखणी खाली ठेवली. "तो सहाव्या दिवशीच गेला."

"कुठं गेला?" टाचणीनं विचारलं. पुढे कितीतरी दिवस तिला या प्रश्नाची लाज वाटत राहिली.

काचवाल्यानं तिला स्टूल दिलं. आत जाऊन चहा करून आणला. नको म्हणायचं त्राण तिच्यात नव्हतं. मग तो सांगू लागला, माप घ्यावं तसं, काही न वगळता. पाचव्या दिवशी संध्याकाळी मुलाच्या पोटात दुखायला लागलं. फार नाही, थोडं. बापानं पत्रक काढून वाचलं. त्यानं टेबलाकडे बोट दाखवलं. टेबलाच्या काचेखाली ते पत्रक सपाट करून ठेवलेलं होतं, घड्यांच्या खुणांसकट. टाचणीनं स्वतःचं वाक्य वाचलं. 'पहिले पाच-सहा दिवस पोटात थोडंफार दुखणं साहजिक आहे. घाबरून जाऊ नये. ताप आल्यास किंवा दुखणं सहन होईनासं झाल्यास ताबडतोब यावं.'

"ताप नव्हता," काचवाला म्हणाला. "मी सारखा कपाळाला हात लावून बघत होतो. आणि सहन होत नाही, असं तो म्हणालाच नाही. तो लहानपणापासून सोसणारा. मी म्हटलं, सकाळपर्यंत बघू. सकाळी उठवलं तर पोट टणक आणि हातपाय गार. गाडी आणली. वाटेतच गेला."

जोड सुटला होता. टाचणीला ते ऐकताक्षणी कळलं. सुरेख बसलेले जोडही पाचव्या-सहाव्या दिवशी सुटतात. म्हणून तर जुने लोक सात दिवस ठेवत.

"मग फोनवर तुम्ही..."

"दुसऱ्याच दिवशी तुमचा फोन आला. घरात माणसं बसलेली. तुम्ही विचारलंत, कसा आहे. तोंडातून निघून गेलं, बरा आहे." तो कपाकडे बघत बोलत होता. "एकदा म्हटलं, मग पुढच्या वेळी काय सांगणार? आणि खरं सांगू का, त्याच्याबद्दल कुणी बोलतच नाही. शेजारीपाजारी मला बघून विषय बदलतात. तुम्ही विचारायचात, जेवला का, चालला का. तेवढी पाच मिनिटं मला बरं वाटायचं. तुमची फसवणूक झाली. माफ करा."

टाचणी त्याच्याकडे बघू शकली नाही. मोठ्या काचांवरच्या धुळीकडे बघत राहिली. तसली काच उचलायला दोन माणसं लागतात, हे तिला आता दिसत होतं.

"एक विचारू?" काचवाला म्हणाला. "आमच्या धंद्यात कागदावरचं माप म्हणजे माप. डोळ्याला काही का वाटेना, कापायचं ते कागदावर आहे तेवढंच. मी तुमचा कागद तसाच वाचला. पण माझं काही चुकलं का? सहन होत नाही म्हणजे किती, हे बाप म्हणून मला कळायला हवं होतं का?"

उत्तर टाचणीच्या जिभेवर होतं. तुमचं चुकलं नाही, माझं वाक्य चुकलं. सहा-सात शब्द, म्हटले असते की झालं असतं. पण तीन वर्षं तिला शिकवलं होतं, की एका माणसावरून काही म्हणायचं नसतं, पुरावा हवा. आणि खरं म्हणजे तिला भीती वाटली. पुराव्याचं नाव पुढे करून तिनं वेळ मारून नेली.

"अभ्यास पुरा होऊ दे, काका," ती म्हणाली. "मग नक्की काय ते सांगते."

"सांगा," तो म्हणाला. "जे असेल ते सांगा. मी वाट बघतो."

सोमवारी ती गणितकाकांकडे गेली. एक्केचाळिसावी ओळ तिनं बदलली होती. सगळ्या खुणा खोडून पहिल्या रकान्यात 'मृत्यू, सहावा दिवस' असं लिहिलं होतं. आता निष्कर्ष उलटणार, प्रबंध परत लिहावा लागणार, कदाचित परीक्षा एक वर्ष पुढे जाणार. तिची त्याला तयारी होती. खरं तर तसंच व्हावं, असं तिला मनापासून वाटत होतं.

गणितकाकांनी आकडे भरले. तिसऱ्या दिवशी सोडलेले तीस, मृत्यू एक. सातव्या दिवशी सोडलेले तीस, मृत्यू शून्य. या हिशेबातून एक आकडा निघतो, हे वर्गात जागं राहिल्यामुळे टाचणीला ठाऊक होतं. तो शून्याजवळ आला तर दोन गटांतला फरक खरा मानायचा, एकाजवळ गेला तर योगायोग.

"एक," गणितकाका म्हणाले.

"एकाच्या जवळ?"

"नाही गं. पुरता एक. याच्यापुढे तो जातच नाही. फरक नाही, असंच म्हणावं लागेल."

"पण माणूस मेला, काका."

"मेला ना. लिही तसं. तक्त्यात दिसेल." त्यांनी चष्मा काढला. "तिसांत एक हे प्रमाण खरंच असेल, तर ते सिद्ध करायला दोन्हीकडे मिळून पाचएकशे पेशंट लागतील."

टाचणीनं मनातल्या मनात त्यातल्या निम्म्यांना तिसानं भागलं. "म्हणजे आठ जण मरायला हवेत."

गणितकाकांनी चष्मा पुसला, पुन्हा डोळ्यांवर चढवला आणि तक्ता तिच्याकडे सरकवला.

मोठ्या सरांनी तिला हाकलून दिलं असतं तर बरं झालं असतं. निदान भांडता आलं असतं. पण त्यांनी सगळं शांतपणे ऐकलं आणि ते म्हणाले, "वाईट झालं. तो जोड चांगला बसला होता, मला आठवतंय. लिही. अवश्य लिही. लपवायचं काही कारण नाही."

"सर, पत्रकातलं वाक्य बदलू या. थोडं दुखलं तरी लगेच या, असं लिहू."

"कशावरून?"

टाचणीनं तक्त्यातल्या एक्केचाळिसाव्या ओळीवर बोट ठेवलं.

"थोडं दुखलं तरी या म्हटलं, तर रोज पन्नास जण येतील," सर म्हणाले. रागावून नव्हे, समजावून. "पोट कापल्यावर दुखतंच. आणि साठ जणांवर तपासलंय ते हे पत्रक. बदललेलं पत्रक तू कुठं तपासलंस? पुढच्या बॅचमधल्या कुणाला तरी विषय दे. चांगला विषय आहे."

प्रबंध वेळेत गेला. परीक्षकांनी एक्केचाळिसाव्या ओळीचं खास कौतुक केलं. घरी जाऊन खातरजमा करणारा विद्यार्थी विरळा, असं ते सर्वांसमोर म्हणाले. विभागातून साठपैकी साठ असा तो पहिला प्रबंध. महिन्याभरात वॉर्डाच्या भिंतीवर नवा नियम लागला, तिसऱ्या दिवशी घरी. पत्रकाच्या हजार प्रती छापून आल्या. टाचणी प्रत्येकाला पत्रक देताना तोंडी सांगत असे, थोडं दुखलं तरी या, माझं नाव सांगा. लोक मान डोलावत आणि कागद वाचायला लागत.

काचवाल्याला तिनं फोन केला नाही. उद्या करू, परीक्षा झाली की करू, असं करत दोन महिने गेले. शेवटी एका सकाळी राउंड चालू असताना त्याचाच फोन आला.

"डॉक्टरबाई, अभ्यास पुरा झाला का? तुमचा फोन नाही आला, म्हटलं आपणच करावा."

ती वॉर्डाबाहेर जिन्यापाशी आली. "झाला, काका."

"मग काय निघालं?"

या वेळी तिनं वेळ काढला नाही. "काका, नीट ऐका. तुमची काही चूक नव्हती. ते वाक्य मी लिहिलं होतं, तेच चुकलं. त्याला इतक्या लवकर घरी सोडायलाच नको होतं. चूक आमची. माझी."

तिकडे काच ठेवल्याचा आवाज आला. "असं अभ्यासात निघालं?"

ती जिन्याच्या पायरीवर बसली.

"तुम्ही पुस्तक लिहिलं असेल ना त्यावर? त्यात काय लिहिलंय?"

खोटं बोलता आलं असतं. त्यानं नव्वद दिवस तिच्याशी खोटं बोलून दाखवलंच होतं. पण तिला ते जमलं नाही.

"त्यात लिहिलंय, तिसऱ्या दिवशी सोडलं काय आणि सातव्या दिवशी काय, फरक पडत नाही."

"किती माणसं बघून लिहिलंय?"

"साठ. तीस तिसऱ्या दिवशी सोडलेले, तीस सातव्या. पण काका, हिशेबातला आकडा तसा नसतो. त्याचा अर्थ..."

"असू दे, असू दे." त्याचा आवाज अगदी मऊ झाला, लहान मुलाची समजूत काढताना होतो तसा. "तुम्ही माझं मन राखताय, ते कळतंय मला. तुम्ही पहिल्यापासूनच मायाळू. पण कागदावर आहे ते खरं. बाकीचे एकोणतीस बरे झाले ना? त्यांनाही हाच कागद दिला होता ना?"

"हो."

"मग कागद बरोबरच आहे. त्यांना वाचता आला, मला नाही. त्या संध्याकाळीच न्यायला हवं होतं मी. बरं झालं, एकदाचं कळलं. ठेवतो आता, तुमची कामं खोळंबली असतील."

टाचणीनं लगेच परत फोन लावला. वाजत राहिला. दुपारी लावला, दुसऱ्या दिवशी लावला. फोन उचलला नाही तर तीन दिवस प्रयत्न करायचा, या फॉर्मवरच्या नियमाप्रमाणे तिसऱ्या दिवशीही लावला. कुणी उचलला नाही.

त्या सकाळी जिन्यातून ती परत वॉर्डात आली तेव्हा सिस्टर चौदा नंबरच्या खाटेपाशी पत्रक घेऊन उभ्या होत्या. पेशंटचा तिसरा दिवस होता. त्याचा बाप पिशवी भरून तयार होता, आणि पत्रकाखाली डॉक्टरची सही राहिली होती. टाचणीनं सही केली.